निवाऱ्याची किल्ली



युद्धाच्या भीतीवर बोलेन असं मी कळवलं तेव्हा संयोजकांना जरा धास्ती वाटली. संध्याकाळी साडेसहाला घरची कामं आटोपून आलेल्या लोकांना हा विषय जड जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. पण २०२५च्या मे महिन्यात मुंबईत भोंगे वाजले, त्या आठवड्यात हा विषय वाण्याच्या दुकानासमोर, लोकलमध्ये, भिशीत सगळीकडे निघत होता. पाण्याचे कॅन भरून ठेवावेत का, एटीएममधून किती काढावेत, गावाला जावं का. तेव्हा विषय आपल्या घरात येऊन गेलेला आहे. मी फक्त त्याचा मागचा इतिहास थोडा उलगडणार आहे.

भीतीला नावं ठेवायला मी उभा नाही. ज्याच्या डोक्यावरून विमानं गेली आहेत त्याला 'घाबरू नका' म्हणणं हा उद्धटपणा आहे. मला रस आहे तो पुढच्या प्रश्नात. घाबरलेला माणूस तयारीला लागतो, तेव्हा तो कोणाला आपल्यात धरतो आणि कोणाला बाहेर ठेवतो? त्यासाठी मी तुम्हाला आधी १९६१च्या अमेरिकेत नेतो, कारण तिथे हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारला गेला की आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

२५ जुलै १९६१. बर्लिनवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात विस्तव जात नव्हता. अध्यक्ष केनेडी दूरचित्रवाणीवर आले, सैन्य वाढवण्याचं त्यांनी सांगितलं आणि त्याच भाषणात नागरी संरक्षणासाठी २० कोटी ७० लाख डॉलर मागितले. हल्ला झाला तर स्फोटातून आणि आगीतून जे वाचतील त्यांना किरणोत्सारी धुळीपासून वाचवता येईल, पण त्यासाठी निवारा हवा, असा त्याचा मथितार्थ. राष्ट्राध्यक्षच असं म्हणाल्यावर लोक काय करणार? परसात खड्डे खणायचे, तळघरात काँक्रीटच्या विटांच्या भिंती घालायच्या, दोन आठवड्यांचं डबाबंद अन्न आणि पाणी भरायचं, हेच घरोघरी बोलणं सुरू झालं. सप्टेंबरमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने निवाऱ्यांवर अंक काढला, त्यात केनेडींचं पत्र छापलं आणि मुखपृष्ठावर ग्वाही दिली की शंभरातले ९७ लोक वाचू शकतात. हा ९७चा आकडा त्यांनी कुठून काढला हे विचारण्याच्या मनःस्थितीत फारसं कुणी नव्हतं.

मग खरा प्रश्न आला. तुम्ही निवारा बांधला, शेजाऱ्याने बांधला नाही. भोंगा वाजला. शेजारी पोरांना घेऊन दारात उभा आहे. तुम्ही काय करता?

'टाइम' साप्ताहिकाने त्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या एका उपनगरातल्या गृहस्थाचं मत छापलं. निवारा पूर्ण झाला की तोंडाशी मशीनगन बसवणार, शेजाऱ्यांना आत येऊ न देण्यासाठी, असं तो बिनदिक्कत सांगत होता. हा एखादा विक्षिप्त म्हणून सोडून देता आला असता. पण एल. सी. मॅकह्यू नावाच्या जेझुइट पाद्र्याने 'अमेरिका' या कॅथलिक नियतकालिकात लेख लिहिला आणि स्वसंरक्षणाचा हक्क निवाऱ्याच्या दारालाही लागू होतो, असं धर्मशास्त्राच्या आधाराने मांडलं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड परगण्याच्या नागरी संरक्षण अधिकाऱ्याने लोकांना सांगितलं की सामानात पिस्तूल असू द्या, लॉस एंजेलिसहून निर्वासितांचे लोंढे येतील. शेजारच्या नेवाडा राज्यात लास व्हेगासचा असाच एक अधिकारी तर दक्षिण कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांना थोपवायला पाच हजारांचं सैन्य उभारा म्हणाला. वॉशिंग्टनचे बिशप अँगस डन यांनी या सगळ्याला अनीती म्हणून झोडपलं, हेही नोंदवायला हवं. सगळे बहकले नव्हते.

जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. बॉम्ब मॉस्कोहून येणार होता आणि पिस्तूल लॉस एंजेलिसच्या माणसावर रोखलं जात होतं. दोन महिन्यांत शत्रू आठ-दहा हजार किलोमीटरवरून सरकून कुंपणापाशी आला. बॉम्ब तर पडलाच नाही.

आणखी एक गोष्ट त्या चर्चेत दबक्या आवाजात होती. परस कोणाला असतं? उपनगरातल्या, स्वतःच्या घराच्या, बहुतांशी गोऱ्या कुटुंबाला. न्यूयॉर्कच्या सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूने खड्डा कुठे खणायचा? ही योजना मुळात त्याच्यासाठी नव्हतीच. टीका वाढली तेव्हा सरकारने मोर्चा सार्वजनिक निवाऱ्यांकडे वळवला. मोठ्या इमारतींची तळघरं हेरली, त्यांवर काळ्या-पिवळ्या त्रिकोणांच्या पाट्या ठोकल्या, आत गव्हाची बिस्किटं आणि पाण्याची पिंपं रचली. पाणी संपलं की तेच पिंप संडास म्हणून वापरायचं, अशी सोयही होती. न्यूयॉर्कच्या शाळांवरच्या या पाट्या काढायला सुरुवात झाली ती २०१७च्या अखेरीस. तोवर त्या पाटीमागच्या तळघरात सायकली आणि मोडकी बाकं होती.

आज ज्याला सर्व्हायव्हलिझम म्हणतात, 'आपलं आपण वाचायचं' हा पंथ, तो यानंतरच्या दशकात रुजला. १९७३चा तेलाचा पेच, महागाई, शहरांतली गुन्हेगारी, सरकारवरचा उडालेला विश्वास. हॉवर्ड रफ यांच्यासारखे लोक दुष्काळ आणि चलनाच्या घसरणीची भाकितं करत धान्य साठवायला सांगू लागले. मेल टॅपन हे बंदुकांचे जाणकार, ते शहरांपासून दूर, ऑरेगनच्या रोग नदीच्या खोऱ्यात राहायला गेले आणि इतरांनाही तोच सल्ला देत राहिले. युद्ध निमित्ताला होतं. खरी धास्ती होती ती युद्धानंतर शहरातून बाहेर पडणाऱ्या भुकेल्या माणसांची.

या वाटेचं टोक आता पाहायला मिळतं. कॅन्ससमध्ये ॲटलस क्षेपणास्त्राची जुनी भूमिगत विहीर विकत घेऊन तिच्यात पोहण्याच्या तलावासकट श्रीमंतांचे फ्लॅट केले आहेत. ज्या खड्ड्यात अण्वस्त्र ठेवायचे तोच अण्वस्त्रापासून लपायची जागा म्हणून लाखो डॉलरना विकला गेला. विक्रेत्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी. पीटर थील या अब्जाधीशाला न्यूझीलंडने २०११ मध्ये नागरिकत्व दिलं तेव्हा तो त्या देशात सगळे मिळून बारा दिवस राहिला होता. तिथल्या डोंगराळ भागात त्याने मांडलेल्या बांधकामाला मात्र २०२२ मध्ये स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली.

आणि डग्लस रशकॉफ या लेखकाने २०१८ मध्ये लिहिलेला अनुभव तर मला विसरता येत नाही. पाच धनिकांनी त्याला गलेलठ्ठ मानधन देऊन बोलावलं. त्यांना जाणून घ्यायचं होतं की सगळं कोसळल्यावर, पैशाला किंमत उरली नसताना, बंकरवर नेमलेले सुरक्षारक्षक मालकावरच उलटू नयेत म्हणून काय करावं. अन्नाच्या कोठारांना फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली कुलपं लावावीत का, रक्षकांच्या गळ्यात पट्टे घालावेत का, असले पर्याय चालले होते. १९६१ मध्ये भीती शेजाऱ्याची होती. आता ती दारावर बसवलेल्या पहारेकऱ्याची झाली. दार जितकं जाड, तितकं संशयाला आत यायला कमी अंतर कापावं लागतं, असं दिसतं.

कुणी म्हणेल, साठवण करणं वाईट का? अजिबात नाही. कोकणात आगोट भरतात. तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी, आमसुलं, लाकूडफाटा, पापड-लोणची, सगळं मृगापूर्वी माळ्यावर आणि पडवीत गेलेलं असतं. चार महिन्यांची ती बेगमी. पण बेगमी करणारी बाई शेजारणीचा तांदूळ संपला तर मापटंभर देते आणि तिचं वेळेला परत घेते. पाऊस सगळ्यांवरच पडणार आहे हे तिला माहीत असतं. तिच्या माळ्यावर कोयता असतो तो लाकडं फोडायला.

आता दुसऱ्या बाजूचा इतिहास. सार्वजनिक निवारा म्हटला की सगळं आलबेल, असं मला म्हणायचं नाही.

१९४०च्या सप्टेंबरात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा भुयारी रेल्वेची स्थानकं निवारा म्हणून द्यायला सरकार तयार नव्हतं. लोक एकदा खाली गेले की वर यायचेच नाहीत, कामावर जाणार नाहीत, अशी साहेबांना काळजी. लोकांनी साधा उपाय केला. स्वस्तातलं तिकीट काढायचं, खाली जायचं आणि परत यायचं नाही. २७ सप्टेंबरच्या रात्री १ लाख ७७ हजार माणसं फलाटांवर झोपली होती. सरकारला मान तुकवावी लागली. मग खाटा आल्या, चहा आला, संडास आले.

पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन हे स्थानक तेव्हा अर्धवट बांधलेलं होतं, रूळ पडायचे होते. तिथे पाच हजार खाटा होत्या आणि बोगद्यात वाचनालयसुद्धा होतं. गरीब कामगार वस्तीची ही खरोखर चांगली सोय. पण तिथे उतरायला एकच दार होतं. त्याच्या आत एकोणीस पायऱ्या, मधोमध कठडा नाही, ब्लॅकआउटमुळे एक मिणमिणता दिवा. १९४१ मध्ये स्थानिक नगरपालिकेने वर लिहिलं होतं की गर्दी उसळली तर हे प्रवेशद्वार टिकणार नाही, ते पक्कं करायला मंजुरी द्या. वरून खर्चाचं कारण आलं, मंजुरी आली नाही.

३ मार्च १९४३. दोन रात्रींपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिन झोडपलं होतं, त्यामुळे आज उत्तर येणार हे सगळ्यांच्या मनात होतं. रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा झाला. सिनेमागृहं सुटली, बस थांबल्या, लोक रांगेने पायऱ्या उतरू लागले. पाऊस पडून गेलेला, पायऱ्या ओल्या. दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाणांची नवी तोफ डागली गेली. ती ब्रिटिशांचीच होती, पण तो आवाज लोकांनी आधी ऐकलेला नव्हता. वरची गर्दी पुढे रेटली. खाली, शेवटच्या पायऱ्यांपाशी, एक बाई पोर घेऊन अडखळली, तिच्यावर एक म्हातारा पडला, त्यांच्यावर मागचे. काही सेकंदांत सुमारे तीनशे माणसं एका खोलीएवढ्या जागेत थरावर थर अडकली. वरच्यांना खालचं दिसत नव्हतं, ते येतच होते. १७३ मेले. त्यांत ६२ मुलं होती. त्या रात्री त्या भागात एकही बॉम्ब पडला नाही.

बातमीत जागेचं नाव दाबलं गेलं, चौकशीचा अहवाल लोकांसमोर यायला फार उशीर झाला आणि दरम्यान जमावच बिथरला होता अशी कुजबुज चालत राहिली. पायऱ्यांना कठडे बसवले गेले. नंतर.

म्हणून निवारा सरकारी आहे एवढ्यावर माझं समाधान होत नाही. स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये कायदा करून जवळजवळ प्रत्येक रहिवाशासाठी निवाऱ्यात जागा केली, त्याचं कौतुक आपण ऐकतो. त्याच देशात ल्युसर्नजवळ सोनेनबर्गचा महामार्गाचा बोगदा १९७६ मध्ये वीस हजार माणसांच्या निवाऱ्यासकट तयार झाला. दारं दीड मीटर जाड, प्रत्येक साडेतीनशे टनांचं. १९८७ मध्ये रंगीत तालीम झाली तेव्हा त्यातलं एक दार नीट बंदच होईना. निवाऱ्याचं दार उघडं राहणं ही त्यातल्या त्यात बरी चूक म्हणायची, पण किरणोत्सारी धुळीला ते समजावणार कोण? पुढे तिथली क्षमता दोन हजारांवर आणली. अणुयुद्धात थेट मारा झाल्यावर तर कोणत्याच दाराचा भरवसा देता येत नाही. चौदा दिवसांनी वर येऊन खायचं काय, हा प्रश्नही उरतोच.

बंद दाराची गोष्ट याहून वाईट असते. १ जून २०२३च्या पहाटे कीव्हमध्ये हल्ल्याचा इशारा झाला. देस्न्यान्स्की भागातल्या एका दवाखान्याच्या निवाऱ्याकडे लोक धावले. दार आतून बंद होतं, ते वाजवत राहिले, उघडलं नाही. बाहेर तिघे ठार झाले, त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई. निवारा होता, सरकारी यादीत होता. त्यानंतर झालेल्या तपासणीत असे कुलूपबंद आणि वापरण्याजोगे नसलेले निवारे शेकड्यांनी निघाले.

युक्रेनमधल्याच खार्कीव्हमध्ये, २०२२च्या फेब्रुवारीत, आपली मुलं होती. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातली बरीच होती. वसतिगृहाच्या तळघरात आणि मेट्रोच्या फलाटावर त्यांनी दिवस काढले, मग 'ऑपरेशन गंगा'ने परत आली. मेट्रो सोव्हिएत काळात खोल खणली होती आणि तिच्या दाराशी ओळखपत्र कुणी विचारत नव्हतं, म्हणून कोल्हापूर-नांदेडकडचं पोरगं युक्रेनी आजीच्या शेजारी पथारी टाकू शकलं. पुढे २०२३च्या सप्टेंबरपासून त्याच स्थानकांत शाळेचे वर्ग भरू लागले.

रोजच्या वापरातला निवारा टिकतो, हे फिनलंडवाल्यांनी ओळखलं. १९३९च्या नोव्हेंबरात सोव्हिएत विमानांनी हेलसिंकीवर बॉम्ब टाकले, ती आठवण अजून ताजी आहे. १,२०० चौरस मीटरच्या वरची निवासी इमारत बांधायची तर निवारा बांधावाच लागतो. देशात असे पन्नास हजारांवर निवारे आहेत, ४८ लाख माणसांना पुरतील एवढे. लोकसंख्या साधारण ५६ लाख. हेलसिंकीच्या इटाकेस्कुस भागातला खडकातला पोहण्याचा तलाव हाच निवारा आहे. ७२ तासांत तो रिकामा करून लोकांना घेता यायला हवा असा नियम. जिथे रोज पोरं पोहतात तिथलं दार गंजत नाही, दिवे गेले तर त्याच दिवशी तक्रार होते आणि वाट सगळ्यांना पाठ असते. धान्य, इंधन, औषधं यांचे राष्ट्रीय साठे सांभाळणारी वेगळी संस्था आहे. घरी तीन दिवसांचं सामान ठेवा असं तिथे सांगतात तेही यासाठी की पहिले तीन दिवस मदतपथकं लहान मुलांकडे, आजाऱ्यांकडे आधी जाऊ शकावीत. साठवण इथेही घरातच आहे, पण ती दुसऱ्याला वाट मोकळी करून देण्यासाठी.

आता आपल्याकडे येतो.

मुंबईने दुसऱ्या महायुद्धातला सर्वांत मोठा स्फोट पाहिला तो १४ एप्रिल १९४४ला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. जपानने हल्ला केला अशी आवई उठली आणि माणसं चंबूगबाळं घेऊन निघाली. हल्ला नव्हताच. एकाच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या भरल्या होत्या, आग लागली आणि निर्णय घ्यायला कोणी पुढे आलं नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिल आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो तो त्यांच्यासाठी. शहराचं लक्ष आकाशाकडे होतं आणि घात धक्क्यावर झाला.

१९६५ आणि १९७१चा ब्लॅकआउट या सभागृहातल्या पुष्कळांना आठवत असेल. खिडक्यांना काळे-खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, जिन्याखाली वाळूच्या बादल्या. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर १९७१च्या डिसेंबरात गिरगावातल्या आपल्या चाळीचे वॉर्डन होते. 'दिवा घालवा' म्हणून ओरडत फिरणं हे वॉर्डनचं दिसणारं काम. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला त्यांच्या वहीबद्दल सांगितलं. शंभर पानी, रेघांची. कोणत्या बिऱ्हाडात अंथरुणाला खिळलेलं कोण, कोणाला दिवस गेलेत, कोण गिरणीत रातपाळीला जातो म्हणजे घरात बायकामुलंच असतात, कोणाला कमी ऐकू येतं म्हणजे भोंगा कळणार नाही, दार ठोकावं लागेल. समोर मदतीला जाणाऱ्याचं नाव. एकाच्या समोर दोन बिऱ्हाडांचं भांडण आहे, तिसऱ्याला पाठवणे, असंही लिहिलेलं होतं म्हणे. १९६८च्या नागरी संरक्षण कायद्यात भांडणाचं कलम नाही. ते सरांना ठाऊक होतं.

नागपूरला १९५७ मध्ये नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, म्हणजे ज्ञान आपल्या राज्यातच आहे. ७ मे २०२५ला देशभरात नागरी संरक्षणाच्या २४४ जिल्ह्यांसाठी सराव ठेवला होता. त्याच दिवशी पूँचमध्ये खराखुरा तोफमारा चालला होता. जम्मूच्या सीमाभागात २०१७-१८ पासून १४ हजारांवर बंकर मंजूर झाले, नियंत्रणरेषेलगतच्या गावांना त्यांचा आधारही मिळाला. पूँच शहराला मात्र तशी सोय पुरेशी नव्हती, अशी तिथल्या लोकांची तक्रार वर्तमानपत्रांतून आली. गोळा शहरापर्यंत येणार नाही असं कुणीतरी कागदावर धरून चाललं असणार.

आणि आपल्या या शहरात? इथे परसात खड्डा खणायची चैन कुणालाच नाही, त्यामुळे १९६१चा तो प्रश्न आपल्याला वेगळ्या रूपात पडतो. उंच इमारतींत ठरावीक मजल्यांनंतर रेफ्यूज एरिया सोडावा लागतो. आगीत तिथे जमायचं. मी ज्या ज्या टॉवरमध्ये पाहुणा म्हणून गेलो तिथे तो पाहायचा मला नाद आहे. कुठे गणपतीचा मखर ठेवलेला, कुठे जुने सोफे, कुठे चक्क जाळीचं दार आणि कुलूप. फेरीवाले, डिलिव्हरीवाली पोरं, मोलकरणी तिथे बसतात म्हणून कुलूप लावलं, असं एका कमिटी मेंबरने मला मोठ्या सात्त्विकपणे सांगितलं. गच्चीचंही तेच. किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी शनिवार-रविवार लोणावळ्याला.

तेव्हा बॅटरी, पाण्याचे कॅन, औषधांची पिशवी हे सगळं घ्या, जरूर घ्या. त्याआधी उद्या सकाळी आपल्या सोसायटीत एवढं विचारा: रेफ्यूज एरियाची किल्ली किती जणांकडे आहे, रात्रपाळीच्या वॉचमनकडे ती आहे का, आणि भोंगा झाला तर चौदाव्या मजल्यावर त्या वेळी भांडी घासत असलेल्या बाईने कुठे जायचं हे तिला कुणी सांगितलं आहे का. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत पार्किंगच्या वर हा विषय घालायला सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं की चौदा, ते आपापल्या उपविधीत पाहून घ्या.

आता प्रश्न असतील तर मी थांबतो. मागे बसलेल्यांना माइक आधी द्या.